पाणखारचा खुनी सांगायचा नाही

आमच्या अकोटचं माणूस नवी मुंबईला निघालं की समजावं, एक तर पोराचा नवा फ्लॅट बघायला चाललंय, नाही तर सुनेच्या बाळंतपणाला. मी गेले ते एका खुनावर बोलायला. दवाखान्याला कुलूप लावत होते तेव्हा समोरच्या किराणावाल्या भाऊंनी विचारलं, "डॉक्टरीनबाई, आज काऊन बंद?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी डाळ तशीच ताजव्यात ठेवली आणि म्हणाले, "आता तुमच्या गोळ्या घ्याचं भेव वाटते बाप्पा."

त्यांचं फारसं चुकत नाही. मी होमिओपॅथीची डॉक्टर. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या देऊन लोकांची पडशी बरी करते आणि दुपारी पेशंट नसले की कागदावर माणसं मारते. त्यातलं एक बाड गेल्या वर्षी छापून आलं. गोष्ट इंग्रजांच्या काळातली आहे. नागपूरच्या एका ग्रंथालयात मी भलतंच काही शोधत होते, तेव्हा जुन्या सरकारी कागदांत दोन ओळी दिसल्या. उरणजवळच्या पाणखार गावी एका रात्री भरतीच्या वेळी उघाडी लावलेली नव्हती, भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली, आणि सकाळी त्या पाण्यात मिठागराच्या ठेकेदाराचं प्रेत मिळालं. बस्स. कोणी मारलं, का मारलं, काही नाही. असं अर्धवट सोडलेलं बघून माझ्यासारखी बाई गप्प बसेल होय?

उघाडी म्हणजे काय हे मलाही तेव्हाच कळलं. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध घालतात, आणि त्या बांधाला एक लाकडी दार ठेवतात. ओहोटीला दार उघडायचं, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत जातं. भरतीला लावायचं. त्या दाराची राखण करायला एक माणूस असतो. तो माणूस मी कल्पनेनं उभा केला आणि त्याचं नाव राघो ठेवलं. कादंबरीभर राघो फौजदाराला एकच सांगतो, "मी झोपलो होतो साहेब." सगळे त्याच्यावर विश्वास ठेवतात. शेवटच्या प्रकरणात कळतं की राघो टक्क जागा होता आणि खून त्यानंच केला. हे मी इथं फोडून टाकतेय, कारण त्याशिवाय पुढची हकिगत कळायची नाही. ज्यांना पुस्तक वाचायचं होतं त्यांनी मला मोठ्या मनानं माफ करावं.

गावाचं नाव मात्र मी खरंच ठेवलं. नव्या शहराचा नकाशा उघडून बघितला होता. त्यात सेक्टर होते, गोदामं होती, बंदराकडे जाणारे रुंद रस्ते होते, पाणखार कुठंच नव्हतं. मला वाटलं, जमिनी गेल्या तसं गावही गेलं असणार, आता कोण विचारायला येतंय. आणि एके दिवशी फोन आला. "नमस्कार मॅडम, मी पाणखारच्या वाचनालयातून बोलतेय. तुमच्या कादंबरीवर कार्यक्रम ठेवायचाय. गावातले लोक जाम एक्सायटेड आहेत."

म्हणजे गाव होतं, आणि तिथं माझं पुस्तक वाचत होते! पण कुणी बोलावलं आणि मी गेले नाही, असं आजवर झालेलं नाही.

कळंबोली

कोणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही ही आमची वऱ्हाडी खोड. जानेवारीचे दिवस, संत्र्यांचा बहर, म्हणून मी एक पेटी संत्री बरोबर घेतली. जायचं होतं द्रोणागिरीला, उरणकडच्या नव्या वस्तीत. बस सुखरूप आली. पण ड्रायव्हरनं मला वाशीला उतरवायच्या ऐवजी पहाटेच कळंबोलीला उतरवलं. "मॅडम, द्रोणागिरीला जायचं ना? इथूनच जवळ पडतं," असं तो इतक्या खात्रीनं म्हणाला की मी उतरून मोकळी झाले.

उतरून बघते तर चहूकडे लोखंड. सळयांचे भारे, पत्र्यांची भेंडोळी, आणि त्यांच्या मध्ये रांगेनं उभे ट्रक. माणूस म्हणून दिसला तो एक सरदारजी. ट्रकच्या पायरीवर बसून दात घासत होता. मी पेटीवर बसले. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "बहनजी, माल कहाँ उतारना है?" त्याला वाटलं, मी संत्र्यांची व्यापारी. मी म्हटलं, माल नाही, भेट आहे. त्यानं चहा मागवला, मी पेटीची एक फळी उचकटून त्याला संत्री दिली, आणि बघता बघता तिथं सहा-सात ड्रायव्हर जमून संत्री सोलायला बसले. इतकी कौतुकानं खाल्लेली संत्री मी अकोटात पाहिलेली नाहीत. आमच्याकडे कुणी संत्रं दिलं तर लोक आधी तोंड वाकडं करून विचारतात, "आंबट नाही ना?"

मी फोन केला तेव्हा मला न्यायला तिथं सुलभाताई आल्या. वाचनालय चालवणाऱ्या त्याच. मूळच्या साताऱ्याकडच्या, नोकरीमुळे मुंबईत आयुष्य गेलं, निवृत्त होऊन द्रोणागिरीला नव्या सोसायटीत आल्या. फोनवर "गाडी घेऊन येते" म्हणाल्या होत्या. ती गाडी म्हणजे स्कूटर निघाली. पेटी त्यांच्या पायांत, मी मागे, आणि आमच्या दोन्ही अंगांनी घराएवढे कंटेनर वाहणारे ट्रेलर. मी डोळे मिटून घेतले. सुलभाताई मात्र त्या गदारोळात मान मागे वळवून मला फ्लेमिंगो दाखवत होत्या. "ते बघा, डावीकडे! गुलाबी!" मी म्हटलं, "बाई, तुम्ही पुढं बघा. फ्लेमिंगो मी चित्रात बघीन."

घरी पोचलो तर सोसायटीच्या फाटकाशी हातगाडीवर संत्र्यांचा ढीग. "नागपूरची आहेत, वाशीच्या मार्केटमधून येतात रोज," सुलभाताई म्हणाल्या. माझ्या संत्र्यांपेक्षा मोठी, त्यांच्यापेक्षा पिवळीधमक, आणि त्यांनी सांगितलेला भाव ऐकून तर मी पेटीकडे बघायचंच सोडलं.

द्रोणागिरी

चहा झाला, पोहे झाले. पोह्यांवर इकडे खोबरं घालतात; आमच्यासारखी वर तर्री ओतत नाहीत. मी सवयीनं वाटीभर रस्सा मागितला तेव्हा सुलभाताईंना वाटलं मला आजारी वाटतंय. बाराव्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली बघितलं तर चकचकीत इमारती, मध्ये मोकळे प्लॉट, पाणथळ गवत, लांब बंदराच्या क्रेन. आणि या सगळ्याच्या मधोमध दाटीवाटीनं बसलेली कौलं, गच्च्या, एक देऊळ, एक तळं.

"हे पाणखार," सुलभाताई म्हणाल्या.

गाव कुठंही गेलं नव्हतं. जमिनी गेल्या, पण घरं तिथंच राहिली, आणि सेक्टर त्यांना वळसा घालून गेले. माझ्या नकाशावाल्यानं गावाला नावच दिलं नव्हतं, एवढंच.

मग सुलभाताईंनी दार लोटलं, घरात दुसरं कुणी नसतानाही आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, "मॅडम, एक रिक्वेस्ट आहे. संध्याकाळी खुनी कोण ते सांगायचं नाही."

मी म्हटलं, रहस्यकथेचं कोणी सांगत नाहीच. पण त्यांचा चेहरा काही वेगळंच सांगत होता. हळूहळू सगळं बाहेर आलं. पाणखार गावात झाडून सगळे पाटील. कुठला पाटील ते कळावं म्हणून प्रत्येक घराला वेगळं नाव आहे, आणि ते त्यांच्या जुन्या कामावरून पडलेलं. गावाला उघाडी एकच होती, आणि पिढ्यान् पिढ्या ती सांभाळणारं घरही एकच. त्या घराला आजही उघाडीवाले म्हणतात. उघाडी केव्हाच गेली, तिच्या जागी आता गोदामाचं कुंपण आहे, पण नाव राहिलं. त्या घरातले सगळ्यात थोरले म्हणजे हरीभाऊ पाटील. आणि वाचनालय हरीभाऊंच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या खोलीत.

"भाडं एक पैसा घेत नाहीत," सुलभाताई म्हणाल्या. "आमच्या सोसायटीनं क्लबहाउस दिलं नाही, तेव्हा त्यांनी खोली दिली. पण त्यांच्या मुलाच्या डोक्यात ती कंटेनरवाल्या कंपनीच्या ऑफिसला द्यायचं आहे. म्हातारा नको म्हणतो म्हणून थांबलंय. आता म्हाताऱ्याला कळलं की तुम्ही त्यांच्या खापरपणज्याला खुनी केलाय, तर संपलंच ना सगळं? मी तुम्हाला बोलावलं, बॅनर छापला, आणि त्यानंतर पुस्तकाचा शेवट वाचला. मला असलं टेन्शन आलं ना!"

"मग आता?"

"मी आमच्या सगळ्या प्रतींचं शेवटचं प्रकरण स्टेपल करून टाकलंय. सांगितलं, लेखिकेचीच तशी इच्छा आहे."

मला आधी हसू आलं, पण ते टिकलं नाही. मी ज्याला कल्पनेतला माणूस समजून फासावर चढवलं होतं, त्याचं घर खिडकीतून दिसत होतं, गच्चीवर कपडे वाळत होते. आणि त्याच घरी आमचं दुपारचं जेवण होतं.

पाणखार

गावात शिरताच बॅनर दिसला. आमच्याकडे साहित्यिक कार्यक्रमाला फळ्यावर खडूनं लिहितात, पावसानं पुसलं तर पुसलं. इथं दोन मजल्यांएवढा बॅनर. वर लाल अक्षरांत 'खुनी कोण?' आणि खाली काळा गॉगल लावलेले हरीभाऊ, त्यांच्या बाजूला गॉगल लावलेली त्यांची तीन-चार माणसं, आणि अगदी कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढी मी. एक रिक्षावाला थांबून विचारत होता की यांतला नक्की कोण पळून गेलाय.

हरीभाऊ दारातच उभे होते. पांढरा लेंगा-सदरा, गळ्यात जाड साखळी, आणि बॅनरवरच्या दरडावणाऱ्या माणसाशी काडीचंही साम्य नसलेला हसरा चेहरा. "या डागतर बाय, या! आमच्या राघोला पुस्तकात नेलात, मोठा काम केलात तुमी!" असं म्हणून त्यांनी माझे हात धरले. मला त्यांच्याकडे वर बघवेना.

डोळ्यांत मोतीबिंदू असल्यानं ते स्वतः वाचत नाहीत. त्यांची सून दर्शना रोज संध्याकाळी त्यांना एकेक प्रकरण वाचून दाखवते, आणि ओटीवर शेजारपाजारचे जमतात. दर्शना बँकेत नोकरी करते, चटपटीत आहे. तिनं हसत हसत मला विचारलं, "ताई, ते स्टेपल जरा जास्तच मारलेत हो. आमच्याकडे रोज भांडणं चाललीयेत खुनी कोण म्हणून." हरीभाऊंचा संशय ठेकेदाराच्या मेहुण्यावर होता. बऱ्याच लोकांचा तो असतो. मी त्यासाठीच त्याला मिशा दिल्या आहेत.

जेवणाचं काय सांगू? जिताडा या खाडीतल्या माशाचं लालभडक कालवण, हाताच्या पंजाएवढ्या तुकड्या, कागदासारखी पातळ तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि वालाचं बिरडं. आम्ही तिखट खाणारे म्हणून मिरवतो, पण आमचं तिखट जिभेवर एकदम चढतं. इथलं आधी गोड बोलतं आणि मग कान गरम करतं. मी नदीचा मासा वर्षातून एकदा खाणारी. पहिल्या तुकडीतच काटा घशात अडकला. डॉक्टर असून मी डोळे पांढरे करून बसले. दर्शनानं भाताचा मोठा गोळा करून माझ्या हातात दिला, "चावू नका, गिळा." काटा गेला. हरीभाऊ म्हणाले, "काय नाय, पहिल्यांदा सगल्यांचा होतंय," आणि माझ्या ताटात आणखी दोन तुकड्या टाकल्या. त्या माणसाच्या प्रत्येक तुकडीबरोबर मला जास्त जास्त चोरट्यासारखं होत होतं.

जेवण झाल्यावर मी सवयीनं भिंतीला टेकले. आमच्याकडे दुपारच्या झोपेला कुणी झोप म्हणत नाही, तो दिवसाचा एक भागच असतो. इथं मात्र एवढ्या जड जेवणानंतर घरातलं एकही माणूस आडवं झालं नाही. हरीभाऊ ताठ बसून सुपारी कातरत होते. मी म्हटलं, "तुम्ही जरा पडा ना." ते एकदम गंभीर झाले.

"आमच्या घरान दुपारी कोनी झोपत नाय."

मग सुपारी माझ्यापुढं करून म्हणाले, "बाय, पुस्तक लय भारी हाय तुमचा. पन एक गोष्ट मनाला लागली. राघो दर येला बोलतंय, मी झोपलो व्हतो, मी झोपलो व्हतो. तुमाला दुसरा काय सुचला नाय?"

मी म्हटलं, "शेवटपर्यंत थांबा ना हरीभाऊ." बाकी काय बोलणार? सुलभाताई माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मीच त्यांच्या वाचनालयाला काडी लावायला आलेय.

वाचनालय

खोली लहान, म्हणून खुर्च्या पार रस्त्यापर्यंत मांडल्या होत्या. एका बाजूला सोसायट्यांमधली मंडळी, दुसऱ्या बाजूला गावची. आमच्याकडे अशा कार्यक्रमात आधी अध्यक्ष बोलतात, मग प्रमुख पाहुणे, मग आभार, आणि लेखकाची पाळी येईपर्यंत निम्मे लोक घरी गेलेले असतात. इथं गावदेवीला नारळ फोडला, मला शाल दिली, वर सुक्या बोंबलांची जुडी दिली, आणि हरीभाऊंनी "चला, बोला आता" म्हणून मोकळं केलं. बोंबील शालीत गुंडाळून मी उभी राहिले.

बोलणं छान रंगलं. इंग्रजांच्या काळचे फौजदार, मिठागरं, भरती-ओहोटीचं गणित मी खाडी न बघता कसं जुळवलं ते सांगितलं. लोक हसले. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी रिसर्चबद्दल विचारलं, एका बाईंनी पुढच्या भागाबद्दल. सुलभाताईंचा जीव हळूहळू भांड्यात पडत होता. त्या आभार मानायला उठणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतून हरीभाऊ उठले.

"डागतर बाय, पानं स्टेपल केल्यात ती केल्यात. आता तुमी समोर हायेत. उघाडी कोनी उघडली ता सांगा."

मी ठरवलेलं उत्तर दिलं. रहस्यकथेचा शेवट लेखकानं सांगायचा नसतो, वाचकाची मजा जाते.

"मंग माझ्या कानात सांगा."

सगळे हसले. मीही हसले आणि बाटलीतलं पाणी प्यायले. हरीभाऊ बसले नाहीत. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, आणि त्यांच्या तोंडावरची गंमत आता उतरली होती.

"बरा, खुनी नका सांगू. एवढाच सांगा. राघो झोपला व्हता का नाय?"

आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर सगळंच फुटतं. हो म्हणावं तर माझ्याच पुस्तकाबद्दल मी खोटं बोलते, तेही ज्याच्या घरचं जेवून अजून हाताला वास येतोय त्याच्याशी. सुलभाताई कपाटाला टेकून मानेनं नाही नाही करत होत्या. मला त्यांची दया आली, अगदी मनापासून. त्या बाईनं चार पिशव्या पुस्तकांवर ही खोली उभी केली होती. पण समोरचा म्हातारा गंमत म्हणून विचारत नव्हता. पेशंट खरंच दुखतंय तेव्हा कसा बघतो हे मला कळतं, आणि हरीभाऊ तसे बघत होते.

मी म्हटलं, "नाही. राघो झोपला नव्हता."

"मंग उघाडी?"

"त्यानंच उघडली. ठेकेदाराच्या माणसांनी मूठभर मिठासाठी राघोच्या भावाला मारून टाकलेलं असतं. राघो त्या रात्री जागा राहतो, ठेकेदाराला बांधावर गाठतो, मारतो, आणि प्रेत वाहून जावं म्हणून उघाडी उघडतो. पण भरती असते, पाणी उलटं आत येतं. फौजदाराला सांगतो, मी झोपलो होतो. खुनी राघोच आहे, हरीभाऊ."

सोसायटीच्या बाजूनं "अरे बापरे" ऐकू आलं. गावाच्या बाजूच्या सगळ्या माना हरीभाऊंकडे वळल्या. सुलभाताईंनी डोळे मिटले. दर्शना सासऱ्यांच्या जवळ सरकली. हरीभाऊ खाली बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मला वाटलं, आता हे उठून जातील आणि जाताना किल्ली मागतील.

ते उठले खरे. पण माझ्याकडे पाठ करून मागच्या रांगेकडे वळले आणि छातीभर आवाजात ओरडले, "ठमाबाय! आयकलास का? झोपला नव्हता तो!"

मागच्या रांगेत नऊवारीतली एक म्हातारी बसली होती. गावातल्या लग्नांत गाणी म्हणायला हिलाच बोलावतात. ती तोंडावर पदर घेऊन हसायला लागली, आणि तिच्यामागून सगळा गाव हसायला लागला. आम्ही फ्लॅटवाले आणि अकोटवाले एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी दर्शनानंच मला सगळं उलगडून सांगितलं. त्या रात्रीची गोष्ट गावात कुणी विसरलेलं नाही. ठेकेदार कुणाच्या लक्षात नाही. भातशेती खारी झाली, कित्येक वर्षं पिकली नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. आणि गावानं ठरवलेलं कारण असं, की उघाडीवाला ताडी पिऊन झोपला. तेव्हापासून या घरात लग्न निघालं की गावातल्या बायका गाण्यात विचारतात, उघाडीवाले जागे आहेत का, मांडवात घोरतायत? हरीभाऊंच्या लग्नात ते गायलं, त्यांच्या मुलाच्या लग्नात गायलं. दर्शनाला तर सासरी येण्याआधीच ते पाठ होतं. म्हणून त्या घरात दुपारी कुणी पाठ टेकत नाही.

"पन आमचा भात बुडवलान तो बुडवलानच ना?" ठमाबाय मागून म्हणाली.

"बुडवला," हरीभाऊ म्हणाले. "पन झोपेत नाय."

पुन्हा हशा. मलाही इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. सुलभाताई अजून कपाटाला धरून उभ्या होत्या, आनंद झालाय की भीती वाटतेय हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. आणि तेवढ्यात हरीभाऊ माझ्याकडे वळले. हसणं थांबलं होतं.

"बाय, ह्या खरा हाय ना?"

हो म्हण, असं सुलभाताईंचे डोळे सांगत होते. दर्शनाचेही. एका शब्दाचं काम होतं, आणि त्या शब्दानं कुणाचं काय बिघडणार होतं? पण माझ्या जिभेला ते जमेना. खोट्या गोष्टी लिहिण्यात माझी हयात गेली, पण त्या पुस्तकात. विचारलेल्याला पुस्तकाबाहेर खोटं सांगणं मला जमत नाही.

मी म्हटलं, "हरीभाऊ, खरं माहीत नाही. राघो हे नावसुद्धा माझं आहे. सरकारी कागदात दोन ओळी आहेत फक्त. उघाडी लावलेली नव्हती, ठेकेदार पाण्यात मिळाला. बाकीचं सगळं मी माझ्या मनानं रचलं."

त्यांचा चेहरा उतरला. मला स्वतःचाच राग आला. कशाला एवढं हरिश्चंद्राचं सोंग? एका म्हाताऱ्याला अर्धा तास आनंदात राहू दिलं असतं तर आभाळ कोसळणार होतं का? ते खाली मान घालून सदऱ्याचं बटण चाचपत राहिले. मग त्यांनी मान वर केली.

"त्या सरकारी कागदान, तो झोपला असा लिवलाय का?"

मी आठवून बघितलं. त्या दोन ओळी मला पाठ होत्या. पुन्हा एकदा मनात म्हटल्या.

"नाही. झोपला असं कुठंही लिहिलेलं नाही."

"मंग झाला!" हरीभाऊंनी खुर्चीवर थाप मारली. "सरकारला म्हायत नाय, गावाला म्हायत नाय. बाय बोलतेय जागा व्हता, मी बोलतो जागा व्हता. दोघं झालो." मग सुलभाताईंकडे बघून म्हणाले, "आनि ही खोली पुस्तकांचीच. पोराला मी सांगतो. तेवढे ते स्टेपल काढा आधी."

सुलभाताईंनी मान हलवली. त्या कपाटाकडे वळल्या आणि नखानं एकेक पिन उचकटायला लागल्या. दर्शना त्यांच्या मदतीला गेली. फ्लॅटवाली मंडळी गाववाल्यांकडून त्या रात्रीची हकिगत ऐकत होती, आणि प्रत्येक जण ती वेगळी सांगत होता. मी खुर्चीत बसले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

एकटी ठमाबाय तेवढी रुसून बसली होती. "ह्या बरा हाय तुमचा," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यान तुझ्या नातीचा लगीन. इतकी वर्सा तेच गात आलू. आता मांडवान मी गाऊ काय?"

"खुन्याची नात हाय म्हनून गा!" हरीभाऊ म्हणाले. "घाबरून ऱ्हातील सोयरे."

ठमाबायनं क्षणभर विचार केला. मग तिथंच खुर्चीच्या दांड्यावर हात आपटत तिनं चाल धरली, जुन्याच चालीत नवे शब्द चाचपत, आणि गावातल्या बायका मागून सूर देऊ लागल्या. आपल्याच घरात खुनी निघाला म्हणून सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवत होते ते हरीभाऊच.